वऱ्हाडचा नकाशा बदलणाऱ्या तोफा : आडगाव ते गाविलगड, १७ दिवसांत नेमके काय घडले?

आडगावच्या मैदानात तोफांच्या पहिल्या माऱ्याने इंग्रजांच्या तीन पलटणी पळाल्या, तरीही लढाई इंग्रजांनीच जिंकली. गाविलगडावर अवजड तोफा असूनही गड दोन-तीन दिवसांच्या माऱ्यात पडला. असे का झाले? युद्धात तोफखान्याचे नेमके काम काय? आणि २२० वर्षांनंतरही विदर्भाचा या विषयाशी इतका जवळचा संबंध कसा?

चिखलदऱ्याला गेलेली मंडळी गाविलगडावर चढली की तिथल्या भल्यामोठ्या तोफेसोबत एक फोटो हमखास काढतात. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफही अशीच प्रसिद्ध आहे. एवढी मोठी तोफ असताना किल्ला शत्रूच्या हाती पडतोच कसा, असा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर कोणालाही पडावा.

उत्तर सोपे आहे. ज्या तोफांनी वऱ्हाडचे भवितव्य ठरवले, त्या आज गडावर दिसत नाहीत. त्या बैलांनी आणि माणसांनी ओढत आणल्या, काम झाल्यावर पुढे नेल्या. गडावर राहिल्या त्या जागच्या हलू न शकणाऱ्या तोफा. युद्धात तोफेच्या आकारापेक्षा तिच्यामागची साखळी महत्त्वाची असते. तोफ योग्य ठिकाणी न्यायची कशी, तिला दारूगोळा पुरवायचा कसा, नेम धरणारा कोण आणि तिच्या माऱ्याचा फायदा उठवणारा कोण, या चार प्रश्नांवर लढाईचा निकाल ठरतो. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत हेच दिसले.

मैदानी तोफखाना म्हणजे काय?

तोफांचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. पहिला, सैन्याबरोबर चालणाऱ्या हलक्या तोफा. यांना मैदानी तोफा म्हणत. दुसरा, किल्ल्याच्या भिंती फोडण्यासाठी लागणाऱ्या वेढ्याच्या अवजड तोफा.

त्या काळी इंग्रजी तोफेची ओळख गोळ्याच्या वजनावरून होत असे. सहा पौंडी तोफ म्हणजे सुमारे २.७ किलोचा भरीव लोखंडी गोळा फेकणारी. बारा पौंडीचा गोळा साडेपाच किलोच्या घरात, तर अठरा पौंडीचा आठ किलोपेक्षा थोडा जास्त. सहा पौंडी तोफ काही बैलजोड्या सहज ओढत. अठरा पौंडी लोखंडी तोफेची नुसती नळीच सुमारे दोन टनांची असे. तिच्यासाठी रस्ता तयार करावा लागे.

मैदानात या तोफांचे काम तीन प्रकारचे होते. शत्रू लांब असताना भरीव गोळ्यांनी त्याच्या रांगा विस्कटायच्या. तो जवळ आला की छर्ऱ्यांनी भरलेला डबा तोफेतून उडवायचा. आणि आपले पायदळ पुढे सरकत असताना शत्रूला मान वर काढू द्यायची नाही. भरीव गोळा फुटत नसे. तो जमिनीवर आपटून टप्पे घेत पुढे जाई आणि वाटेत येणारा माणूस, घोडा, बैल उडवून देई. सपाट, कडक जमिनीवर तो जास्त घातक ठरे.

तोफ चालवणाऱ्याला मराठीत शब्द होता गोलंदाज. क्रिकेटने तो नंतर उसना घेतला. राजकीय बातम्यांत रोज येणारा 'मोर्चेबांधणी' हा शब्दही इथलाच. किल्ल्याला वेढा घालताना तोफा मांडण्यासाठी मातीचे मोर्चे बांधत, त्यावरून तो आला.

मराठ्यांचा तोफखाना कमकुवत होता का?

अजिबात नाही. पेशव्यांच्या तोफखान्याची जबाबदारी अनेक वर्षे पानसे घराण्याकडे होती. पुण्याजवळचा मल्हारगड त्यांनीच बांधला. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी अफगाण फौजेचे मोठे नुकसान केले. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइन या फ्रेंच भाषक अधिकाऱ्याच्या मदतीने कवायती पलटणी उभारल्या आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या तोफा ओतून घेतल्या.

या तोफखान्याची ताकद इंग्रजांना २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत कळली. असई आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ आहे. इंग्रज सेनापती होता ३४ वर्षांचा आर्थर वेलस्ली. याच वेलस्लीने पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. असईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतके टिपले, की वेलस्लीला आपल्या बहुतेक तोफा मागे सोडून पायदळ थेट संगिनीने पुढे घालावे लागले. मराठ्यांचे काही गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पायदळ पुढे जाताच उठून त्यांनी तोफा उलट फिरवल्या.

इंग्रज ही लढाई जिंकले, पण सुमारे १,६०० माणसे मृत वा जखमी झाली. हाती लागलेल्या तोफांची संख्या होती ९८. शिंद्यांच्या कवायती फौजेचा कणा त्या दिवशी मोडला. दोनच महिन्यांनी झालेल्या वऱ्हाडातल्या लढाईत शिंद्यांकडून उतरले ते मुख्यतः घोडदळ. पायदळ आणि तोफा होत्या नागपूरकर भोसल्यांच्या.

आडगावला काय झाले?

असईनंतर रघूजी भोसले दुसरे वऱ्हाडच्या बाजूला सरकले. वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा त्यांच्या मागावर एकत्र आल्या. गाविलगड हा भोसल्यांचा सर्वांत मजबूत किल्ला आणि तोच पुढचा डाव होता.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज फौज दिवसभर चालून दुपारी थांबण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात भोसले आणि शिंद्यांचे सैन्य समोर रांगा धरून उभे असल्याचे दिसले. ठिकाण आजच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातले आडगाव. इंग्रजी कागदपत्रांत याच गावाचे नाव 'अरगाव' असे झाले आहे. जवळच शिरसोली हे गाव. भोसल्यांच्या पायदळाचे नेतृत्व रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते.

इंग्रजांच्या पलटणी गावाच्या आडोशातून मोकळ्या मैदानात येऊ लागल्या आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. पहिला फटका बसला तोफा ओढणाऱ्या बैलांना. पोळ्याच्या मिरवणुकीत एखादा फटाका फुटला तरी जोडी कशी बिथरते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. इथे तर समोरून लोखंडी गोळे येत होते. बैल गाड्यांसह उलट फिरले, पायदळाच्या रांगांत घुसले. पाठोपाठ तीन देशी पलटणी फुटल्या आणि मागे पळाल्या. असईत शौर्य गाजवलेल्याच पलटणी होत्या या.

अंतर बरेच होते, त्यामुळे माणसे फार मेली नव्हती. तरीही फौज मोडत होती. तोफखान्याचे हेच खास काम आहे. तो जितके मारतो त्याहून जास्त घाबरवतो. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे वेलस्लीने स्वतःच नंतर लिहून ठेवले.

मग जिंकलेली बाजू हरली कशी?

वेलस्लीने पळणाऱ्यांना मैदानातच अडवण्याचा हट्ट केला नाही. त्याने त्यांना गावाच्या आडोशाला नेले, जिथे गोळे पोहोचत नव्हते. तिथे रांगा पुन्हा लावल्या आणि त्यांना परत पुढे आणले. या सगळ्याला वेळ लागला, आणि तो वेळ त्याला मिळाला.

निकाल इथेच ठरला. इंग्रजांची रांग फुटली त्या क्षणी त्यांच्यावर तुटून पडायला मराठ्यांकडे हजारोंचे घोडदळ होते. ते वेळेवर पुढे आले नाही. तोफांनी संधी तयार केली, पण ती उचलणारे हात हलले नाहीत. आजच्या लष्करी भाषेत याला समन्वयाचा अभाव म्हणतात. दोन राजांच्या दोन फौजा आणि नुकतीच हरलेली एक मोठी लढाई, अशा स्थितीत तो समन्वय अवघडच होता.

संध्याकाळी साडेचारच्या सुमारास इंग्रजांची रांग पुढे सरकली. त्यांच्या ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीवर भोसल्यांच्या सेवेतील अरब शिपाई तुटून पडले. त्यांनी माघार घेतली नाही आणि तिथेच त्यांतले शेकडो जण कापले गेले. शिंद्यांच्या घोडदळाचा हल्लाही परतवला गेला. अंधार पडेपर्यंत मराठा फौज मोडली होती. मग चांदण्यात इंग्रज घोडदळाने पाठलाग केला.

इंग्रजांचे मृत आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास, असईच्या जवळपास चौथा हिस्सा. भोसल्यांच्या ३८ तोफा मैदानात राहिल्या. मैदानी तोफ हातून गेली की नुसता धातू जात नाही. गाडा, बैल, दारूगोळा आणि वर्षानुवर्षे तयार केलेले गोलंदाज, सगळेच जाते. नवी तोफ ओतता येते, मुरलेला गोलंदाज ओतता येत नाही.

गाविलगडावर तोफा चढवल्या कशा?

आता उरला होता गाविलगड. सातपुड्याच्या या भागाची उंची सुमारे १,१०० मीटर. बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्या काळात, पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला दक्षिण बाजूने जवळजवळ अजिंक्य आहे. खाली वऱ्हाडचे मैदान, वर उभे कडे. फौज चढेलही, पण दोन टनांची तोफ कशी चढवणार?

५ डिसेंबरला वेलस्ली अचलपूरला पोहोचला. कमजोरी कुठे आहे हे त्याने आधीच हेरले होते. गडाची उत्तर बाजू पठाराला जोडलेली आहे. आज चिखलदऱ्याहून पर्यटक गडावर जातात ती साधारण हीच बाजू. मात्र तिथे पोहोचायचे तर मेळघाटच्या डोंगरातून सुमारे ५० किलोमीटरचा फेरा घ्यावा लागत होता आणि तोफा नेण्याजोगा रस्ताच नव्हता.

हे काम स्टीव्हन्सनच्या तुकडीकडे आले. ७ ते १२ डिसेंबर असे सहा दिवस त्याच्या लोकांनी दगड फोडले, झाडे तोडली, उतार खणले आणि वाट तयार केली. जिथे बैल चालेनात तिथे माणसांनी दोर लावून तोफा ओढल्या. चढावर ओढण्यापेक्षा उतारावर रोखणे अवघड. दोर सुटला तर तोफ, गाडा आणि माणसे सगळेच दरीत.

या सहा दिवसांत एकही मोठी चकमक नाही. म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत ते एका ओळीत संपतात. प्रत्यक्षात गाविलगड पडला तो याच सहा दिवसांत. वेलस्लीची सगळी मोहीम म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांवर उभी होती. चालण्याच्या वेगासाठी ही जात प्रसिद्ध होती आणि बैलांच्या तब्येतीची तो बारकाईने चौकशी करत असे. बैल हाकणारे, रस्ता फोडणारे, दोर ओढणारे हे बहुतेक सगळे देशी लोक होते. त्यांतल्या कोणाचेही नाव विजयाच्या यादीत नाही.

भिंत फोडण्याचे गणित काय असते?

१२ डिसेंबरच्या रात्री उत्तरेकडे दोन मोर्चे बांधले गेले. एकात दोन अठरा पौंडी आणि तीन बारा पौंडी लोखंडी तोफा. यांचे काम तटाला खिंडार पाडणे. दुसऱ्यात दोन पितळी बारा पौंडी तोफा आणि दोन हॉवित्झर. यांचे काम तटावरच्या बचावकर्त्यांना दाबून धरणे. दक्षिणेकडून वेलस्लीने वेगळा मोर्चा लावला. त्या बाजूने अवजड लोखंडी तोफा वर चढल्याच नाहीत, पण गडावरच्या शिबंदीचे लक्ष दोन ठिकाणी विभागले गेले.

हॉवित्झर ही आखूड नळीची तोफ. ती गोळा वर उडवते, म्हणजे तो भिंतीवरून पलीकडे पडतो. साधी तोफ सरळ मारते, हॉवित्झर डोक्यावरून. आज भारतीय लष्कराच्या बहुतेक मोठ्या तोफा या हॉवित्झर कुळातल्याच आहेत.

तट फोडताना वरच्या कंगोऱ्यांवर मारून उपयोग नसतो. तोफा एकाच पट्ट्यात, शक्य तितक्या खाली मारत राहतात. पाया पोखरला की वरची भिंत स्वतःच्या वजनाने कोसळते आणि तिच्या ढिगाऱ्याचा उतार तयार होतो. पायदळ त्याच उतारावरून चढते. म्हणजे किल्ल्याच्याच दगडांची शिडी होते. यासाठी प्रत्येक गोळा जवळपास त्याच जागी बसावा लागतो. नेम आणि सातत्य, दोन्ही हवे.

गडावरच्या अवजड तोफांची अडचण इथे कळते. त्या ठरलेल्या बुरुजावर, ठरलेल्या दिशेला रोखलेल्या. शत्रूने मोर्चा कुठे बांधायचा हे स्वतः ठरवले, की त्या निम्म्या निकामी होतात.

१३ डिसेंबरला मारा सुरू झाला. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडार पडले. १५ डिसेंबरच्या सकाळी हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतला किल्ला आणि त्याची भिंत शाबूत होती. मधे खोल दरी. इथे तोफेचे काम संपले. ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने निवडक माणसे घेऊन शिड्यांनी भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडले. शिबंदीची मोठी कत्तल झाली. इंग्रजांचे मृत आणि जखमी मिळून सुमारे सव्वाशे.

याने वऱ्हाडचे काय बदलले?

दोन दिवसांत, १७ डिसेंबर १८०३ रोजी, अचलपूरजवळच्या देवगावात भोसल्यांनी तह केला. कटक आणि बालासोर इंग्रजांकडे गेले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांना सोडावा लागला आणि तो इंग्रजांचा मित्र असलेल्या निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र तेव्हा भोसल्यांकडे राहिले. त्यानंतर ३० डिसेंबरला शिंद्यांनी तह केला तो सुर्जी अंजनगावला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीत. मराठेशाहीच्या शेवटाकडे नेणारे दोन मोठे तह अशा रीतीने एकाच जिल्ह्यात, पंधरवड्याच्या आत झाले.

पुढे १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूर आणि वऱ्हाड यांचा कारभार दीर्घकाळ वेगवेगळ्या हातांत राहण्याची सुरुवात आडगाव आणि गाविलगडापासून होते.

त्यानंतर तोफ कशी बदलली?

१८०३ ची तोफ प्रत्येक बार उडाल्यावर काही फूट मागे गडगडत जाई. ती पुन्हा ढकलून जागेवर आणायची, नव्याने नेम धरायचा. यातच वेळ जाई. १८९७ मध्ये फ्रान्सने ७५ मिमीची एक मैदानी तोफ आणली. तिच्यात तेल आणि दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा होती. बार उडाला की नळी मागे सरकायची आणि आपोआप जागेवर यायची, गाडा हलायचा नाही. मोटारसायकलच्या शॉक अॅब्झॉर्बरसारखेच हे तत्त्व. तोफेचा वेग एकदम कितीतरी पट वाढला.

दुसरा बदल याहून मोठा. आडगावला गोलंदाजाला शत्रू डोळ्यांनी दिसत होता. आज तो दिसत नाही. तोफ डोंगराआड असते, लक्ष्य २०-३० किलोमीटरवर. पुढे पायदळासोबत एक तोफखाना अधिकारी असतो. तो लक्ष्य पाहतो, त्याचे ठिकाण मागे कळवतो. मागे हवेचा वेग, तापमान, उंची, दारूचे तापमान असा हिशेब होतो आणि तोफेला कोन दिला जातो. पहिला गोळा कुठे पडला ते पाहून दुरुस्ती सांगितली जाते. पहिल्या महायुद्धात सर्वाधिक सैनिक मेले ते अशाच न दिसणाऱ्या तोफांनी.

भारतीय लष्करात साधारण १८ तोफांची एक रेजिमेंट असते आणि तिच्यात सहा-सहा तोफांच्या तीन बॅटऱ्या. २८ सप्टेंबर हा 'गनर्स डे' म्हणून पाळला जातो. १८२७ मध्ये या दिवशी मुंबई इलाख्यात उभी राहिलेली तुकडी आज ५ बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली जाते. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्रही महाराष्ट्रातच, नाशिकजवळ देवळालीला आहे.

कारगिलमध्ये काय दिसले?

१९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. १५५ मिमीच्या बोफोर्स तोफा कधी डोंगराआडून, तर कधी द्रासच्या रस्त्यावरून समोर दिसणाऱ्या शिखरावर थेट मारा करत होत्या. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे गोळ्याला अडथळा कमी होतो आणि तो जास्त लांब जातो. मैदानी प्रदेशातले तक्ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, नवा हिशेब करावा लागतो.

गाविलगडासारखेच इथेही शेवटचे काम पायदळाचे होते. तोफांनी शत्रूला खाली दाबून धरले, जवान कडा चढले. मारा केव्हा थांबवायचा हा सर्वांत नाजूक प्रश्न. लवकर थांबला तर शत्रू डोके वर काढतो, उशिरा थांबला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. आडगावला जो समन्वय जमला नाही, तो टोलोलिंग आणि टायगर हिलवर जमला.

युक्रेनच्या युद्धात याच साखळीत ड्रोनची भर पडली. लक्ष्य पाहणारा डोळा आता आकाशात असतो. त्यामुळे तोफ एका जागी फार वेळ थांबली की तीच लक्ष्य होते. मारा करून लगेच जागा बदलणाऱ्या तोफांना म्हणूनच मागणी आहे. भारतात के-९ वज्र ही अशी स्वयंचलित तोफ २०१८ मध्ये देवळाली इथेच लष्करात दाखल झाली. पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेने विकसित केलेल्या 'अॅटॅग्ज' या १५५ मिमी तोफेच्या ३०७ नगांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला.

आज विदर्भाचा संबंध कुठे येतो?

तोफेमागच्या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा दारूगोळा. आणि देशाच्या दारूगोळ्याचा मोठा हिस्सा विदर्भातून जातो. नागपूरच्या अंबाझरी कारखान्यात तोफगोळ्यांची कवचे आणि रॉकेटचे भाग तयार होतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या चांदा कारखान्यात दारूगोळा भरला जातो. भंडाऱ्याचा कारखाना गोळ्याला ढकलणारी दारू आणि स्फोटके बनवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका रॉकेटच्या दारूगोळ्यासाठी झालेल्या १०,१४७ कोटी रुपयांच्या करारांत नागपूरच्या एका खासगी कंपनीचाही वाटा आहे. अकोला-बडनेराहून नागपूरला रेल्वेने जाताना लागणारे पुलगाव हे देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एकाचे ठिकाण.

या संबंधाची किंमतही विदर्भच मोजतो. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगाव भांडाराला लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांचा मृत्यू झाला, त्यांत अग्निशमन दलाचे जवान मोठ्या संख्येने होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. सीमेवर एकही गोळा सुटलेला नसताना झालेले हे मृत्यू आहेत.

म्हणूनच तोफखान्याचा इतिहास केवळ नळीच्या लांबीवर मोजता येत नाही. १८०३ मध्ये मेळघाटच्या उतारावर दोर धरणारे हात आणि आज भंडारा-भद्रावतीत दारू भरणारे हात एकाच साखळीतले आहेत. विजयाच्या यादीत त्यांची नावे तेव्हाही नव्हती. निदान अपघाताच्या यादीत तरी ती येऊ नयेत, एवढी काळजी घेणे आज आपल्या हातात आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- २९ नोव्हेंबर १८०३ : आडगावची लढाई. भोसल्यांच्या तोफांनी इंग्रजांची रांग फोडली, पण घोडदळाने संधी साधली नाही. ३८ तोफा गेल्या.
- ७ ते १२ डिसेंबर : स्टीव्हन्सनच्या तुकडीने मेळघाटातून रस्ता फोडून तोफा गाविलगडाच्या उत्तरेला नेल्या.
- १५ डिसेंबर : खिंडारातून हल्ला, गाविलगड पडला.
- १७ आणि ३० डिसेंबर : देवगाव आणि सुर्जी अंजनगावचे तह. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे.
- तोफ संधी तयार करते. ती साधायला पायदळ वा घोडदळ लागते आणि तोफ तिथवर न्यायला रस्ता, जनावरे, दारूगोळा आणि माणसे लागतात.

पुढच्या वेळी चिखलदऱ्याला गेलात तर गडावरच्या तोफेसोबत फोटो जरूर काढा. त्यानंतर मागे वळून उत्तरेच्या पठाराकडेही एकदा पाहा. गाविलगडाचा निकाल तिकडून आला होता.